मराठी अर्ज, दोन मतदारयाद्या आणि नावाचं स्पेलिंग: सीमाभागातल्या नागरिकाने काय, कुठे आणि कोणत्या भाषेत मागायचं

प्रश्न थोडक्यात असा: "खानापूर तालुक्यात (बेळगाव जिल्हा, कर्नाटक) राहतो. घरीदारी मराठी. कचेरीत मराठी अर्ज दिला की 'कन्नडमध्ये आणा' म्हणून परत करतात. मतदारयादीत माझं नाव इथे आहे आणि चंदगडकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या, जुन्या घराच्या पत्त्यावरही आहे. मुलाचा जन्म आजोळी, गडहिंग्लजला झाला. आम्ही नक्की कुठले नागरिक, आणि हक्क मागायचे तर कुणाकडे?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, बाकीचा गुंता तिथूनच सुटतो. 'कर्नाटकचा नागरिक' किंवा 'महाराष्ट्राचा नागरिक' अशी चीज कायद्यात नाही. घटनेची कलमं ५ ते ११ आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा एकच नागरिकत्व ओळखतात, ते भारताचं. राज्याशी आपलं नातं असतं ते रहिवासाचं. आणि भाषा ही तिसरीच गोष्ट. सीमाभागात या तिन्हींची सरमिसळ होते आणि चुकीच्या टेबलावर चुकीचा कागद जातो.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली तेव्हा मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. त्या रेषेबद्दलचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, कलम १३१ खाली. कलम १३१ म्हणजे सरकार विरुद्ध सरकार. तिथे तुम्ही-आम्ही पक्षकार नाही. त्यामुळे "भाषिक अल्पसंख्याक म्हणून कर्नाटकाकडे काही मागितलं तर सीमाप्रश्न सोडल्यासारखं होईल" ही भीती अनाठायी आहे. तुमच्या अर्जाने तो दावा ना बळकट होतो ना कमकुवत. निकाल लागेपर्यंत तुम्ही भारताचे नागरिक, कर्नाटकचे रहिवासी आणि कर्नाटकातले भाषिक अल्पसंख्याक आहात. अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात स्पष्ट केलं आहे. म्हणजे कोल्हापुरात बहुसंख्य असलेला मराठी माणूस निपाणीत अल्पसंख्याक ठरतो, आणि त्या नात्याने संरक्षण मागू शकतो.

नागरिकत्वाच्या पुराव्याचं आधी उरकतो. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच तसं लिहिलंय. जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाचे तीन कालखंड आहेत. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला नागरिक. १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याचे आई किंवा वडील नागरिक असावे लागतात. त्यानंतर दोघंही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. तुमच्या मुलाला यातलं काहीच आड येत नाही. गडहिंग्लज की खानापूर याने नागरिकत्वात काडीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो कागदात.

जन्माची नोंद जन्म जिथे झाला तिथे होते, घर कुठे आहे तिथे नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत, त्यामुळे निपाणी, खानापूर, बेळगावच्या कितीतरी मुलांची नोंद कोल्हापूर जिल्ह्यात असते. ती तिथेच राहू द्यायची. गावी परतल्यावर "इथलापण एक दाखला असू दे" म्हणून दुसरी नोंद करणारे असतात. दोन नोंदींच्या तारखेत किंवा नावात एका अक्षराचा फरक निघाला की पासपोर्टच्या वेळी दोन्ही दाखले संशयात येतात. महाराष्ट्राचा जन्मदाखला कर्नाटकातली शाळा नाकारू शकत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा केंद्राचा आहे, देशभर एकच. नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते, त्यानंतर विलंब शुल्क, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. बाळाचं नाव नंतर घालायचं असेल तर १२ महिन्यांपर्यंत शुल्क नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट या सगळ्यांसाठी जन्मतारखेचा पुरावा हाच एक दाखला. तेव्हा आळस नको.

आता नावाचं स्पेलिंग. हा विषय क्षुल्लक वाटतो, पण सीमाभागातली निम्मी अडलेली कामं इथे अडलेली असतात. कन्नड लिहिताना शब्दाच्या शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारतात, मराठीत तो गिळतात. मग मराठी नाव कन्नडात आणि कन्नडातून संगणकाने इंग्रजीत उतरवलं की पाटीलचा 'पाटीला' होतो, वसंतचा 'वसंता', गणपतचा 'गणपता'. जाधवच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एच एका कागदावर असतो, दुसऱ्यावर नसतो. त्यात नावाची ठेवण वेगळी. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. कर्नाटकात आद्याक्षरं लावायची पद्धत रूढ आहे, त्यामुळे कुणाचं आडनाव पुढे येतं तर कुणाचं एका अक्षरावर येऊन थांबतं. लग्नानंतर बाईचं नाव बदललं की तिसरी आवृत्ती.

यावर उपाय एकच. एक कागद खुंटा मानायचा आणि बाकीचे त्याला बांधायचे. शिकलेल्यांसाठी तो खुंटा एसएसएलसीचं, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचं, गुणपत्रक. म्हणून पहिलीत प्रवेश घेतानाच शाळेच्या दाखलखारिज रजिस्टरमधली इंग्रजी स्पेलिंग स्वतः वाचावी, आणि दहावीच्या बोर्डाची नावनोंदणी होण्याआधी, नववीतच, पुन्हा एकदा पाहावी. मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्ती होते. बोर्डाचं गुणपत्रक हातात आल्यावर तेच काम महिनोन् महिने चालतं. 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र स्टॅम्प पेपरवर करून देतात. बँकेत आणि रेशनला ते बऱ्याचदा चालून जातं, पण त्याने मूळ कागद दुरुस्त होत नाही, आणि ठिगळाला ठिगळ लावत गेलं की शेवटी कोणतंच नाव खरं ठरत नाही. जन्मदाखल्यातली चूक दुरुस्त करायचा अधिकार निबंधकाला जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली आहे. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. "आमच्या हातात नाही, कोर्टात जा" असं तोंडी सांगितलं तर तेच लेखी मागा.

मतदारयादीचं तुमचं प्रकरण मात्र गंभीर आहे, आणि इथे मी गुळमुळीत बोलणार नाही. दोन ठिकाणी नाव ठेवणं हा हक्क नाही, कायद्याचा भंग आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ सांगतं की एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नाव नको. कलम १८ सांगतं की एकाच मतदारसंघात दोनदा नको. खोटं निवेदन करून नाव घातलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि चंदगडला घर किंवा शेत आहे म्हणून तिथे मत, हे समर्थन टिकत नाही. कलम २० मध्ये स्पष्ट आहे की केवळ घराची मालकी किंवा ताबा असल्याने माणूस तिथला 'सामान्य रहिवासी' ठरत नाही. जिथे चूल पेटते, तिथे मत.

दुरुस्ती सोपी आहे. जिथे राहत नाही तिथल्या यादीतून स्वतःचं नाव वगळायला फॉर्म ७. खरंच स्थलांतर झालं असेल तर फॉर्म ८. पत्ता, नाव, फोटो यांच्या दुरुस्तीलाही तोच. नवीन नावासाठी फॉर्म ६. १८ वर्षं पूर्ण होण्याच्या पात्रता तारखा आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. फॉर्म ऑनलाइन भरा किंवा बीएलओकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे) द्या, पण संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. गडबड होते ती अशी: फॉर्म ७ चुकून इथल्या नावावर भरला जातो आणि निवडणुकीच्या दिवशी कळतं की हक्काचंच नाव उडालं. दोन्ही ओळखपत्रांवरचे क्रमांक समोर ठेवून, वगळायचा तोच क्रमांक फॉर्मवर आहे ना हे दोनदा ताडून पाहा.

याच जातीचा दुसरा मोह म्हणजे महाराष्ट्रातल्या नोकरीसाठी कोल्हापूरचा खोटा पत्ता दाखवणं. त्याची गरजच नाही. महाराष्ट्र सरकार दाव्यातल्या ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर पात्र धरतं, म्हणजे खरा पत्ताच कामाला येतो. जातीच्या आरक्षणाचं मात्र वेगळं आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. महाराष्ट्रातल्या यादीवरची मुलगी लग्न होऊन खानापुरात आली तर तिला कर्नाटक राज्याचं आरक्षण आपोआप मिळत नाही, आणि जात सासरच्यावरून बदलत नाही, जन्मानेच ठरते.

आता मूळ दुखणं: "मराठी अर्ज घेत नाहीत." इथे लोक सगळ्या कागदांना अर्ज म्हणतात आणि तिथेच फसतात. कागद तीन जातीचे असतात, आणि तिन्हींना भाषेचा नियम वेगळा आहे.

पहिली जात म्हणजे गाऱ्हाणं. रस्ता, पाणी, रेशन, अडवलेला दाखला, अधिकाऱ्याची वागणूक. घटनेचं कलम ३५० सांगतं की कोणत्याही गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. त्यासाठी टक्केवारीची अट नाही, अल्पसंख्याक असण्याचीही नाही. गावात एकच मराठी माणूस असला तरी हा हक्क आहे. म्हणून कागदाच्या माथ्यावर 'अर्ज' न लिहिता 'निवेदन' लिहा आणि विषयाखाली एक ओळ घाला:

"हे निवेदन भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार मराठीत सादर केले आहे. कन्नड सारांश सोबत जोडला आहे. कृपया आवक क्रमांक व तारखेसह पोच द्यावी."

कन्नड सारांश जोडायचा कशाला, असं काहींना वाटेल. कायद्याने तो लागत नाही. पण पाच ओळींचा सारांश सोबत असला की टेबलामागच्या माणसाला 'वाचता येत नाही' हे कारण उरत नाही, आणि ते कारण खरंही असू शकतं. धारवाड किंवा मंड्याकडून बदलून आलेल्या कारकुनाला मराठी येणार कुठून? यात कमीपणा नाही. ज्याला काम हवंय तो सारांश जोडतो, ज्याला भांडण हवंय तो जोडत नाही.

कचेरीच्या आवक-टपाल टेबलावर निवेदन घेतलं नाहीच, तर वाद न घालता तोच कागद स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याचा पुरावा ठेवा. तोंडी नकाराला कायद्यात वजन नाही, पोहोचलेल्या कागदाला आहे. एक मर्यादा लक्षात असू दे: कलम ३५० तुम्हाला मराठीत मागायचा हक्क देतं, उत्तर मराठीत मिळण्याचा नाही. उत्तर कन्नडमध्ये आलं म्हणून हक्क डावलला असं होत नाही.

दुसरी जात म्हणजे सेवेचा ठरावीक नमुना. जात, उत्पन्न, रहिवास, वारसा, उतारा, रेशनकार्ड. हे नाडकचेरीत (होबळीच्या महसूल कचेरीत), किंवा 'ग्राम वन' (One), 'कर्नाटक वन' या सरकारी सेवा केंद्रांत संगणकावर भरतात. कर्नाटकाची राजभाषा कन्नड आहे आणि नमुनेही त्याच हिशेबाने बनलेले आहेत. इथे कलम ३५० दाखवून उपयोग नाही, कारण हे गाऱ्हाणं नव्हे. नमुना कन्नड किंवा इंग्रजीत भरा आणि भरलेला मजकूर 'सबमिट' होण्याआधी वाचून घ्या. एवढे शब्द पाठ असले तरी बरंच निभावतं: हेसरू म्हणजे नाव, अड्डहेसरू म्हणजे आडनाव (आपल्या 'आडनावा'चाच भाऊ), तंदे वडील, तायी आई, विळास पत्ता, दूरू तक्रार, स्वीकृती म्हणजे पोचपावती, मेल्मनवी म्हणजे अपील.

या जातीत खरं हत्यार 'सकाल' कायदा, म्हणजे कर्नाटकाचा सेवा हमी कायदा, आहे. २०११ चा कायदा, २०१२ पासून राज्यभर लागू. यादीतल्या सेवेचा अर्ज स्वीकारला की १५ अंकी जीएससी क्रमांक मिळतो. तो नसेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अर्जच केलेला नाही. "नंतर या, बघू" म्हणून कागद ठेवून घेतात आणि क्रमांक देत नाहीत, ही सर्वांत नेहमीची चलाखी. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला तर त्याच क्रमांकावर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील. विलंबाला दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई मागता येते. रक्कम चहापाण्याची आहे, पण ती संबंधित कर्मचाऱ्याकडून वसूल होते, म्हणून तिचा धाक रकमेपेक्षा मोठा.

तिसरी जात माहिती अधिकाराची, आणि मराठी माणूस इथे हमखास ठेचकाळतो. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(१) प्रमाणे अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. बेळगावात ती राजभाषा कन्नड. म्हणजे मराठीतला माहिती अर्ज परत केला तर ते कलमाला धरून होतं, आणि कलम ३५० इथेही मदतीला येत नाही, कारण माहिती मागणं म्हणजे गाऱ्हाणं नव्हे. पण त्याच कलमात हिंदी आहे, हे कुणी लक्षातच घेत नाही. देवनागरीत, सोप्या हिंदीत लिहिलेला अर्ज बेळगावच्या कोणत्याही कचेरीला घ्यावाच लागतो.

कर्नाटकाचा आणखी एक नियम महाराष्ट्रातून येणाऱ्या सल्ल्यांत नसतो: एका अर्जात एकच विषय, आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत. आपली पत्रं 'महोदय, सविनय' पासून सुरू होऊन १९५६ पर्यंत मागे जातात. ती इथे बाद होतात. शुल्क १० रुपये, प्रती ए-फोर पानाला २ रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड.

बाकी, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून खानापूरच्या कचेरीत काही बदललं का? नाही. तो मानाचा विषय आहे, खिडकीवरचा नाही. दुकानाच्या पाटीबद्दलही एका ओळीत: कर्नाटकाच्या २०२४ च्या दुरुस्तीप्रमाणे पाटीवर ६० टक्के कन्नड हवं. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी लिहायला बंदी नाही.

'१५ टक्क्यांचा नियम' सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो नेमका काय आहे हे थोड्यांना ठाऊक. पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्ये, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं निवेदन काढलं. १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत त्याला मान्यता मिळून तपशील ठरला. जिल्ह्यात, तालुक्यात किंवा नगरपालिका हद्दीत एखाद्या अल्पसंख्य भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त असतील, तर महत्त्वाच्या सूचना, नियम, जाहीर कागद त्या भाषेतही काढायचे. जिल्ह्यात ६० टक्क्यांवर असतील तर ती तिथली जोडराजभाषाही होऊ शकते. बेळगाव जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे १५ टक्क्यांच्या वर होते. खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत तर प्रमाण कितीतरी जास्त.

मग मिळत का नाही? कारण हा कायदा नाही, धोरणात्मक कबुली आहे. 'आदेश द्या' म्हणून कोर्टात गेलं तर पाय रोवायला जागा कमी. म्हणून मागणीची भाषा बदलावी. "मराठीत परिपत्रकं द्या" असं मोघम मागण्यापेक्षा माहिती अधिकारात विचारावं: १५ टक्क्यांच्या निकषाखाली या जिल्ह्यातले कोणते तालुके आणि नगरपालिका येतात, त्या यादीची प्रत द्या. दुसऱ्या अर्जात: मागच्या आर्थिक वर्षात त्यांपैकी अमुक नगरपालिकेने मराठीत काढलेल्या सूचनांच्या प्रती द्या. शून्य असं उत्तर आलं तरी तो कागदच तुमचा पुरावा.

यात एक अडचण आकड्यांची आहे. निपाणी २०११ मध्ये तालुका नव्हता, तो चिक्कोडी तालुक्यात मोडायचा. त्यामुळे जनगणनेच्या सी-१६ या मातृभाषेच्या तक्त्यात निपाणीची मराठी लोकसंख्या चिक्कोडीच्या आकड्यात विरघळलेली दिसते. कागवाडचं तसंच, ते अथणीत. नव्या तालुक्यांचा पहिला खरा आकडा येणाऱ्या जनगणनेतून, १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेच्या, निघणार. माझ्या मते सीमाभागातल्या नागरिकाचं सगळ्यात महत्त्वाचं कर्तव्य इथे आहे, मोर्च्यात नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणे प्रश्नांना खरं उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि तुम्ही सांगाल तीच मातृभाषा नोंदवणं प्रगणकालाही. तो आडनाव पाहून किंवा घरातल्या पोराचं कन्नड ऐकून स्वतःच रकाना भरणार नाही, हे बघायचं. 'मातृभाषा मराठी, येणाऱ्या इतर भाषा कन्नड आणि हिंदी' असं सांगा आणि काय लिहिलं ते दाखवायला सांगा. कन्नड येतं हे लपवण्यात काही फायदा नाही, तो रकाना वेगळा आहे. घरी उंबऱ्यावर उत्तर देणारा बहुधा आजोबा किंवा शाळकरी पोर असतं, त्यांना आधी सांगून ठेवा.

शाळेचं गणितही आकड्यांवरच चालतं. कलम ३५० अ, जे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं, प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा म्हणतं. जुना ठरलेला निकष १०/४० चा: एका वर्गात १० किंवा संपूर्ण शाळेत ४० मुलं असली तर त्या भाषेचा शिक्षक द्यायचा. माध्यमिकला शेवटच्या चार इयत्तांत मिळून ६० आणि प्रत्येक वर्गात १५. निकषाची दुसरी बाजू म्हणजे आगाऊ नोंदवही. भाषिक अल्पसंख्याक पालकांची मागणी शाळेने वर्ष सुरू होण्याच्या तीन महिने आधी नोंदवून ठेवायची. आपल्याकडे शाळा मे अखेरीला, जूनच्या सुरुवातीला उघडतात, म्हणजे मुलांची नावं, जन्मतारखा आणि पालकांच्या सह्या असलेली यादी फेब्रुवारी अखेर मुख्याध्यापकांकडे आणि एक प्रत बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालयात जायला हवी. जूनमध्ये पट कमी दिसल्यावर, शिक्षकाची बदली झाल्यावर जमणारी गर्दी तीन महिने उशिरा आलेली असते. एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक-समितीच्या) ठरावाची प्रत जोडली तर उत्तम. मराठी शाळेत कन्नड हा विषय शिकवणं राज्याच्या २०१५ च्या कायद्याने आहेच. त्याला विरोध करण्यात शक्ती घालवू नये, माध्यम आणि विषय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि राज्य प्राथमिक शिक्षणाचं माध्यम पालकांवर लादू शकत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ ला कर्नाटकाच्याच प्रकरणात दिला आहे.

एवढं करून हलत नसेल तर भाषिक अल्पसंख्याक आयुक्त. कलम ३५० ब खालचा हा अधिकारी राष्ट्रपती नेमतात, कारभार केंद्रीय अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाकडे. बेळगावात पूर्वी त्यांचं विभागीय कार्यालय होतं, त्यामुळे जुने लोक अजून तिथलाच पत्ता सांगतात. जुन्या पत्रावरचा पत्ता वापरू नका, मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून चालू पत्ता घ्या. त्यांना आदेश द्यायचा अधिकार नाही. पण त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जातो आणि संबंधित राज्य सरकारकडेही पाठवला जातो. तक्रारीत इतिहास नको. काय मागितलं, कोणत्या तारखेला, आवक क्रमांक काय, उत्तर काय आलं आणि कोणता निकष मोडला, एवढं एका पानात, जोडपत्रांना क्रमांक घालून.

राहिला पोलिसांचा आणि सभा-मोर्चांचा भाग. शांततेने, नि:शस्त्र जमण्याचा हक्क कलम १९ मध्ये आहे. १ नोव्हेंबरच्या आसपास किंवा बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदी लागू होते. तो आदेश लेखी असतो, दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकत नाही (राज्य सरकार आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतं), आणि त्यात हद्द व वेळ लिहिलेली असते. ती वाचूनच ठिकाण ठरवा. परवानगीचा अर्ज लवकर द्या आणि नकार लेखी घ्या. आदल्या संध्याकाळी मिळालेल्या तोंडी नकाराला आव्हान देता येत नाही.

घटनेच्या कलम ५१ अ मधली अकरा कर्तव्यं थेट शिक्षेने बांधलेली नाहीत, पण सार्वजनिक मालमत्ता सांभाळण्याच्या कर्तव्यामागे वेगळा कायदा उभा आहे. सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसना काळं फासतात, काचा फोडतात. १९८४ च्या कायद्यात सार्वजनिक वाहतुकीच्या साधनाचं नुकसान केलं तर किमान सहा महिने, कमाल पाच वर्षं कैद आणि दंड आहे. हा केंद्रीय कायदा आहे, बस कोणत्या राज्याची हे तो विचारत नाही. पोराचं नाव अशा गुन्ह्यात आलं की पोलीस पडताळणीच्या वेळी, मग ती पासपोर्टची असो की नोकरीची, ते समोर येतं. घोषणा देणारे पुढारी तेव्हा शेजारी नसतात.

गुन्हा सीमेपलीकडे, समजा चंदगड हद्दीत, घडला असला तरी फिर्याद खानापूरला देता येते. हद्दीचं कारण सांगून ती नाकारता येत नाही, शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवावी लागते. फिर्याद कन्नडमध्ये उतरवली तर ती वाचून दाखवायची असते आणि प्रत विनामूल्य द्यायची असते. अटक झाली तर कलम २२ प्रमाणे कारण सांगावं लागतं आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं. स्थानबद्धतेची कारणं माणसाला समजत नसलेल्या भाषेत दिली तर ती दिल्यासारखी होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालातच सांगितलं. समजत नसलेल्या कागदावर सही करू नये. फिर्यादीवर किंवा पंचनाम्यावर करावीच लागली, तर सहीच्या वर मराठीत लिहावं: "मजकूर कन्नडमध्ये आहे, मला मराठीत वाचून व समजावून सांगितला." सांगितला नसेल तर तेही लिहावं, आणि खाली तारीख, वेळ.